विश्वंभर गानूंचं ताजं मिश्रण

विश्वंभर गानूंचा तयार मिश्रणावर विश्वास नव्हता. मग ते थालीपिठाची भाजणी असो, फवारणीचं औषध असो, नाहीतर ब्लडप्रेशरची गोळी. मिश्रण आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या हाताने आणि ताजं करायचं, हा त्यांचा धर्म होता. कृषी खात्यातल्या अख्ख्या नोकरीत त्यांनी तो श्रीवर्धनच्या गावागावांत शिकवला होता. पावसाळ्यात पोफळींवर कोळे रोग पडतो आणि हिरव्या सुपाऱ्या कुजून टपाटपा गळतात. त्यावर इलाज म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं निळं बोर्डो मिश्रण, आणि बोर्डो मिश्रण म्हणजे विश्वंभर गानू. लोक त्यांना पाठीमागे मोरचूदकाका म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या अनुसूयाकाकूंची, आणि त्याही फक्त चिडल्यावर म्हणत.

त्यामुळे डॉक्टर निवेदिताने पुढ्यात एक पट्टी ठेवून, "काका, आता जुन्या दोन गोळ्या बंद. ही एकच घ्यायची, हिच्यात तीन औषधं आहेत," असं सांगितलं तेव्हा काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तयार मिश्रण?"

"हो."

"कधी केलेलं?"

निवेदिताने पट्टीवरची तारीख वाचून दाखवली. मागच्या वर्षीची होती. काकांनी काकूंकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"बोर्डो मिश्रण सकाळी केलं की त्याच दिवशी संपवावं लागतं. हे वर्षभर टिकतं? शिवाय मोरचूद चुन्यात ओततात, चुना मोरचुदात कधीच नाही. नाहीतर सगळं फाटतं. ह्या गोळीत आधी काय ओतलंय?"

निवेदिता हसली. जी मुलगी लहानपणी आपल्याच वाडीतले जाम पळवताना सापडली होती, तिने आपल्या शास्त्राला हसावं, हे काकांना फार लागलं. ती पुढे समजावत होती ते नीटच समजावत होती. "दोन गोळ्या घेऊनही तुमचं प्रेशर एकशेअडुसष्टवर शंभर आहे. एकाच औषधाचा डोस वाढवत नेला तर पाय सुजतात, नको ते त्रास होतात. त्यापेक्षा तीन औषधं थोडीथोडी द्यायची. एक रक्तवाहिन्या सैल करतं. त्या आवळून धरायचा निरोप शरीरच पाठवत असतं, दुसरं तो निरोप अडवतं. तिसरं जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढतं. तिन्हींकडून थोडा थोडा जोर लागतो, म्हणून एकाचाही भार होत नाही. जुन्या गोळ्या मात्र घ्यायच्याच नाहीत. त्यांची जागा ह्या गोळीत भरलेली आहे."

शेवटची दोन वाक्यं काकांच्या कानांपर्यंत पोचलीच नाहीत. ते अजून त्या हसण्यापाशीच अडकले होते.

घरी येताना काकूंनी रस्त्यातच विषय काढला. "हे बघा, मी स्पष्ट सांगते. विहंग पुण्याहून रोज फोन करून विचारतो, बाबांचं प्रेशर किती? मृग लागायच्या आधी तुम्ही फवारणीला पुन्हा पोफळीवर चढणार, आणि खाली उभी राहून मी जीव मुठीत धरणार. मला आता ते जमायचं नाही. तोवर प्रेशर ताळ्यावर आलं तर ठीक. नाहीतर वाडी हरेश्वरला खंडाने देऊन टाकायची. विहंगचंही तेच म्हणणं आहे."

काका रस्त्यातच थांबले. वाडी खंडाने? वाडी सोडली तर विश्वंभर गानू म्हणून शिल्लक काय राहणार होतं? वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला जाणारा एक पेन्शनर. पहाटे पाटाचं पाणी सोडणारा, कुठल्या पोफळीला कधी घोस आला हे तोंडपाठ असणारा माणूस त्या दाखल्यावर कुठेही दिसत नाही. "वाडी जाणार नाही," ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की समोरून येणारी म्हैस बाजूला झाली.

आता हरेश्वरबद्दल सांगायला हवं. हरेश्वर हा काकांचा शाळेपासूनचा मित्र, कुंपणापलीकडचा शेजारी आणि गावातला सल्ल्यांचा मोठा कारखानदार. काकांच्या वाडीवर त्याचा बऱ्याच वर्षांपासून डोळा होता. माणूस मनाने वाईट नव्हता. मित्राची तब्येत सुधारावी असं त्याला खरंच वाटे. आणि सुधारली नाही तर वाडी आपल्याला मिळावी, असंही तितक्याच प्रामाणिकपणे वाटे.

"तीन औषधं एका गोळीत? सोय रे, कंपनीची सोय," हरेश्वर कुंपणावरून म्हणाला. "विसू, तू मिश्रणातला एवढा मोठा माणूस. तू दुसऱ्याने कालवलेलं खाणार?"

हा प्रश्न काकांच्या वर्मी बसला. त्यांच्या कपाटात जुन्या दोन गोळ्यांच्या पट्ट्या शिल्लक होत्या, आणि शिल्लक औषध टाकून देणं त्यांच्या घराण्यात कुणाला जमलं नव्हतं. उरलं तिसरं, पाणी काढणारं औषध. औषधाच्या दुकानात ते चिठ्ठीशिवाय मिळेना. "मी तुमच्या जन्माआधीपासून औषधं हाताळतोय," असं काकांनी सुनावलं. त्यावर "ती झाडांची, काका," असं उत्तर आलं आणि मागे रांगेत उभे असलेले दोघंतिघं खोकले. काका त्या रांगेतून ताठ मानेने बाहेर पडले.

अडचण हरेश्वरनेच सोडवली. त्याला कधीकाळी दिलेली अन् पुढे डॉक्टरने बंद केलेली पाण्याची गोळी त्याच्या खणात पडून होती. "वापर. मित्रासाठी एवढंही करू नये का माणसाने?"

दुसऱ्या दिवशी काकांना मुरूडला सुपारी बागायतदारांच्या सभेत व्याख्यान द्यायचं होतं. विषय होता 'मिश्रण करताना होणाऱ्या चुका'. त्याच मुहूर्तावर, काकू परसात फुलं काढत असताना, त्यांनी स्वयंपाकघरात खलबत्ता पुढे ओढला. जुन्या दोन गोळ्या आणि हरेश्वरची एक, तिन्ही खलून त्यांनी त्यांची बारीक पूड केली आणि चमचाभर पाण्यात कालवली. मग त्यांनी परीक्षा घेतली. बोर्डो मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून धरतात. पात्यावर तांबूस रंग चढला तर मिश्रण घातक समजायचं आणि चुना वाढवायचा. काकांनी भाजी चिरायची सुरी त्या चमच्यात धरली. पातं स्वच्छ निघालं. मिश्रण शास्त्रशुद्ध ठरलं आणि काकांनी ते मधातून चाटून टाकलं.

इथपर्यंतही एक वेळ निभावलं असतं. पण काका सदरा चढवत असताना काकू नवी पट्टी हातात घेऊन आल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"अहो मोरचूदकाका! हे काय?"

दोन मार्ग होते. एक म्हणजे खरं सांगणं. पण मग खलबत्ता, हरेश्वरची गोळी, भाजीची सुरी सगळंच सांगावं लागलं असतं आणि एसटी चुकली असती. दुसरा मार्ग म्हणजे घरात शांतता राखणं. काकांनी काकूंच्या देखत नवी गोळी गिळली. अशा रीतीने प्रत्येक औषध दोनदा पोटात पोचलं आणि ते फवारणीच्या चुकांवर बोलायला निघाले.

दिघीच्या जेटीवर उतरेपर्यंत पाण्याच्या औषधाने आपलं काम सुरू केलं होतं. काका एकदा जाऊन आले. पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी तिकीट देणाऱ्याने विचारलं, "काका, तुम्ही चाललाय की राहताय?" खाडी ओलांडून आगरदांड्याला जाणारी फेरीबोट भोंगा वाजवत होती. काका मानाने चढले, एका बाकावर बसले आणि पाय आवळून व्याख्यानाची सुरुवात मनात घोळवू लागले. बोट मध्यावर आली तेव्हा चौथ्यांदा तीच गरज उभी राहिली. तिच्यापाठोपाठ काकाही उभे राहिले, जरा झटक्यात. समोरची खाडी हळूच वर गेली, आभाळ खाली आलं, आणि विश्वंभर गानू नीराबाईंच्या पाटीत बसले.

नीराबाई मुरूडच्या बाजारला मासळी घेऊन निघाल्या होत्या. "अरं द्येवा! उचला, उचला म्हाताऱ्याला! आनि कुनीतरी बघा रं, माजी सुरमई जिती हाय का चेपली!" सुरमई घरून निघतानाच मेलेली होती, पण त्या घटकेला तो मुद्दा कुणी काढला नाही. नीराबाईंनीच काकांना आडवं केलं, पाय आपल्या दुसऱ्या, रिकाम्या पाटीवर उंच ठेवले आणि पदराने वारा घातला. काका शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते असं, "मी म्हातारा नाही."

"न्हाय तर न्हाय," नीराबाई म्हणाल्या. "पन कपडं वाळवा आता."

सभेला व्याख्यात्याची वाट पाहत बसावं लागलं. व्याख्याता त्याच बोटीने परत आला आणि सरळ निवेदिताच्या दवाखान्यात सलाइनखाली गेला. ही बातमी श्रीवर्धनला बोटीच्या आधी कशी पोचली, हे कोणाला कळलं नाही.

निवेदिता या वेळी हसली नाही. तिने पंपाने हवा भरून वरचा आकडा पाहिला, तो शंभराच्या बराच खाली होता. मग खुर्ची ओढून समोर बसली. "काका, काय काय घेतलंत? खरं सांगा. सगळं."

काकांनी सगळं सांगितलं. लपवायचं काय त्यात? सुरीची परीक्षाही सांगितली, जरा अभिमानानेच. काकू उशापाशी उभ्या होत्या, त्या भिंतीला टेकल्या.

"तुमची जुनी पांढरी गोळी दिवसभर हळूहळू विरघळणारी होती," निवेदिता म्हणाली. "म्हणून ती अख्खी गिळायची असते. तुम्ही ती खलली, म्हणजे दिवसभराचं औषध एका झटक्यात अंगात सोडलंत. वर दुसऱ्याच्या खणातली गोळी. ती किती ताकदीची, त्याला का बंद केली, काही ठाऊक नाही. आणि त्यावर माझी गोळी, जिच्यात हे सगळं आधीच आहे. काका, उद्या एखाद्या बागायतदाराने तुमचं मिश्रण मारून झाल्यावर वरून आणखी मोरचूद शिंपडला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?"

"गाढव म्हणेन," काका म्हणाले. विषय शास्त्राचा असला की ते खोटं बोलू शकत नसत.

मग काकू बोलल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "मला वाडीचं काही नाही हो. बोटीवरून फोन आला तेव्हा त्या बाई नुसत्या म्हणाल्या, तुमचा माणूस पडलाय. पुढचं ऐकू येईना. त्या तेवढ्या वेळात मी काय काय पाहून घेतलं, तुम्हाला काय सांगू! मी उद्या हरेश्वरला हो म्हणणार आहे."

काकांना रडू आलं असतं, पण सलाइनच्या हाताने डोळे पुसता येत नाहीत. म्हणून ते भांडले. "मृगापर्यंतची मुदत तूच दिलीस. मुदतीआधी निकाल लावायचा नसतो. निवेदिता, तुझी गोळी दे. मी ती घेतो. तू सांगशील तशी, सांगशील तेवढी. आणि प्रेशर उतरलं तर वाडीचं नाव कुणी काढायचं नाही."

"आणि प्रेशर उतरलं म्हणून गोळी थांबवायची नाही," निवेदिता म्हणाली. "उतरतं ते गोळीमुळेच. बसल्या जागेवरून उठताना सावकाश उठायचं. गुडघेदुखीची गोळी मला विचारल्याशिवाय नाही, तिने प्रेशर चढतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि रक्त तपासून घ्यायचं."

त्या दिवसापासून गावाने जे पाहिलं त्याला औषधोपचार म्हणता येणार नाही. ती लढाई होती. काका रोज सकाळी न्याहारीनंतर ओटीवर येत, कुंपणाकडे तोंड करून उभे राहत आणि हरेश्वर दिसला की त्याच्या डोळ्यांत पाहत गोळी गिळत. तो दिसला नाही तर खाकरून त्याला बाहेर बोलवत.

रक्त तपासणीत मात्र सरकारी नोकरीचा सगळा अनुभव अपुरा पडला. लॅबकडून कागद आला तो 'विशाखा गानू, स्त्री' हिचा. दुरुस्ती करायची तर मूळ व्यक्तीने ओळखपत्र घेऊन समक्ष यावं, असा तिथल्या काउंटरचा नियम होता. काका समक्ष गेले. काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्र पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पण सर, विशाखा मॅडमना यावं लागेल." काकांच्या कपाळाची शीर उडू लागली. आपलं पुरुषत्व सिद्ध करण्यासाठी या वयात खिडकीशी भांडावं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण इथे चिडलो तर आकडा चढेल, आकडा चढला तर वाडी जाईल. ते बाकावर बसले, दीर्घ श्वास घेतला आणि चौथ्या चकरेत पुन्हा रक्त देऊन विश्वंभर होऊन परतले.

तो कागद पाहून निवेदिता म्हणाली, "पोटॅशियम काठावर आहे. निरोप अडवणारं औषध आहे ना, ते शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं. शहाळी किती पिता?"

इथे सगळा उलगडा झाला. बोटीच्या प्रकरणानंतर हरेश्वर पश्चात्तापाने रोज दोन शहाळी पाठवत होता. शिवाय प्रेशरवाल्यांसाठी म्हणून खास कमी सोडियमचं मीठ त्याने मुंबईहून मागवून दिलं होतं, आणि त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. स्वतःच्या वाडीत नारळ लटकत असताना शहाळं सोडायचं, हा काकांना झालेला सर्वांत मोठा घाव होता. त्यांनी तो सोसला. हरेश्वरची शहाळी त्यांनी कुंपणावरून एकेक करून परत केली, अगदी सन्मानाने, देठ वर करून. मिठाचा पुडा पाठोपाठ गेला. घरात साधंच मीठ आलं, तेही चिमटीने. लोणच्याची बरणी काकूंनी माळ्यावर टाकली तेव्हा काकांनी फक्त एकदाच तिच्याकडे पाहून घेतलं.

मृगाच्या आधीची फवारणीची सकाळ उजाडली. वाडीत पिंपात पाणी भरलेलं होतं, एका बादलीत मोरचूद विरघळत होता, दुसरीत चुना. पोफळीवर चढणारा गुणाजी पायात घालायचा दोराचा फास घेऊन उभा होता. निवेदिता खास मशीन घेऊन आली होती. विहंग व्हिडिओ कॉलवर होता. आणि हरेश्वर खंडाचा करारनामा टाइप करून, नव्या सदऱ्यात आला होता.

"खुर्चीत टेकून बसा," निवेदिताने सांगितलं. "पाय जमिनीला, हात टेबलावर. पाच मिनिटं शांत. बोलायचं नाही. बोललं की आकडा वाढतो."

बोलायचं नाही. विश्वंभर गानूंना आजवर दिलेल्या सगळ्या औषधांत हे सर्वांत कडू होतं. आणि हरेश्वर नेमका त्याच पाच मिनिटांत बोलायला लागला.

"तसं मी वाडीचं वाटोळं करणार नाही हो वहिनी," तो पोफळींवरून नजर फिरवत म्हणाला. "ह्या खालच्या दोन रांगा तेवढ्या काढायच्या. तिथे पर्यटकांसाठी खोल्या. विहिरीशेजारी लहानसा स्विमिंग पूल. आणि फवारणीचं म्हणाल तर हल्ली बाजारात तयार मिश्रण मिळतं, डब्यातून. कोण कालवत बसतो?"

काकांचे ओठ हलले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी ओठ मिटले आणि समोरच्या पोफळीच्या शेंड्याकडे नजर लावली, जिथे यंदाचे कोवळे घोस धरले होते. डब्यातून! त्यांनी श्वास आत घेतला. सावकाश सोडला. स्विमिंग पूल. पुन्हा आत घेतला. हरेश्वर आता पूलच्या फरशीचा रंग सांगत होता. काका हलले नाहीत. मशीनने दंड आवळला, सोडला आणि टुंग वाजलं.

"एकशेसव्वीसवर अठ्ठ्याहत्तर," निवेदिता म्हणाली. "थांबा, पुन्हा घेते." पुन्हा घेतलं. एकशेचोवीस.

"येस, बाबा!" फोनमधून विहंग ओरडला. काकूंनी पदर तोंडाला लावला. काका खुर्चीतून उठले. सावकाश, सांगितल्याप्रमाणे. त्यांनी मोरचुदाची बादली उचलली आणि चुन्याच्या बादलीत धार धरली, बरोबर त्याच क्रमाने. पाणी आभाळासारखं निळं झालं. सुरी बुडवली, पातं स्वच्छ निघालं. मग हात पुसून ते गुणाजीकडे गेले आणि त्याच्या हातातला दोराचा फास घेतला. काकूंनी जिथे उभ्या होत्या तिथेच पोफळीचं खोड घट्ट धरलं.

काकांनी तो हात पाहिला. फास क्षणभर तोलला आणि गुणाजीला परत दिला.

"चढ. मी खालून बघतो. पण एकही घोस कोरडा राहता कामा नये, सांगून ठेवतो."

"व्हय काका. न्हाय राहनार." गुणाजी सरसर वर गेला.

"खाली उभा राहीन," काका काकूंना म्हणाले, "पण वाडीतच उभा राहीन."

"राहा की," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्हाला हलवतंय कोण?"

हरेश्वर करारनाम्याची घडी घालत खुर्चीत बसला. त्याचा चेहरा घामेजला होता. "वहिनी, जरा पाणी द्या. सकाळपासून डोकं भणभणतंय." निवेदिताने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "पाच मिनिटं बोलू नका," असं तिला त्याला दोनदा सांगावं लागलं. मशीन वाजलं. एकशेशहाऐंशीवर एकशेआठ.

हरेश्वरने काकांकडे पाहिलं. "विसू... तुझ्याकडची एक गोळी दे ना. तुला लागू पडलीये."

"नाही," काका म्हणाले. "झाड बघून मिश्रण करतात. ऊठ, सावकाश ऊठ. निवेदिताबरोबर दवाखान्यात चल, मी येतो संगतीला. ती सांगेल ती गोळी घ्यायची, रोज, आणि मी कुंपणावरून बघणार आहे."

त्यांनी हरेश्वरच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. फाटकापाशी आल्यावर त्याच्या हातातला करारनामा काढून घेतला, चष्मा नाकावर ओढून सवडीने वाचला, खिशातलं पेन काढलं आणि दोघांच्या नावांच्या जागा बदलल्या.

"आता तुला फवारणीचे कष्ट झेपायचे नाहीत," ते म्हणाले. "तुझं प्रेशर पुढच्या मृगापर्यंत उतरलं नाही, तर तुझी वाडी मी खंडाने घेतो."